पाप एकाचे, प्रायश्चित्त दुसऱ्याचे : प्रस्तावना

मनुष्याने पाप करावे, त्या पापाचे प्रायश्चित्त ईश्वराच्या निष्पाप पुत्राने स्वतःच्या रक्ताने करावे, आणि ते प्रायश्चित्त श्रद्धेने आपलेसे करणाऱ्या पाप्याला ईश्वराने निर्दोष ठरवून पदरात घ्यावे, हा ख्रिस्ती धर्माचा मध्यवर्ती सिद्धांत होय. या सिद्धांताच्या आधारावर असंख्य माणसांनी निर्धास्त मनाने मृत्यूला तोंड दिले आहे. आणि याच सिद्धांताने, ईश्वर न्यायी आहे असे मनापासून मानणाऱ्या अनेकांना, ज्यांत धर्मोपदेशकही आले, आयुष्यभर अस्वस्थ ठेवले आहे. अपराध एकाने करावा आणि शासन दुसऱ्याने भोगावे, ही गोष्ट कोणत्याही तालुक्याच्या कचेरीत न्याय म्हणून खपणार नाही. मग स्वर्गाच्या दरबारात ती न्यायाची पराकाष्ठा कशी ठरते, हा प्रश्न नास्तिकांच्या आधी भाविकांनीच विचारला. त्या प्रश्नाला शतकानुशतके जी उत्तरे मिळत गेली, त्यांचा परिचय मराठी वाचकाला एका ठिकाणी व्हावा, एवढ्यासाठी हा ग्रंथ लिहिला आहे.

अक्कलकोटात बसून हा विषय हाती घेण्याचे प्रयोजन काय, अशी पृच्छा काही स्नेह्यांनी केली. प्रयोजन असे की, पाप, भोग आणि त्यांतून सुटका या गोष्टींचा जो अखंड राबता आमच्या या सीमावर्ती मुलखात चालू असतो, तो पाहत राहणाऱ्याला हा विषय टाळता येत नाही. स्वामी समर्थांच्या वटवृक्षाखाली माथा टेकणारा यात्रेकरू बहुधा पुढे गाणगापुरास भीमा-अमरजेच्या संगमावर स्नानास जातो आणि जाता-येता तुळजापूर गाठतो. गाणगापुरात तो आपले प्रारब्ध सौम्य व्हावे म्हणून गुरूला शरण जातो, तर तुळजापुरात शारदीय नवरात्राच्या होमावर अजाबळीचा विधी आजही होतो. नवस फेडण्यासाठी देवीपुढे किंवा दर्ग्यावर कंदुरी करणारी घरे या भागात हिंदूंची आहेत तशी मुसलमानांचीही आहेत. आणि सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनने एकोणिसाव्या शतकात उभ्या केलेल्या मंडळ्यांतून, उत्तम शुक्रवारी, याच मराठी भाषेत, एका यहूदी सुताराच्या मरणाने सर्व जगाचे पाप धुऊन निघाल्याची साक्ष दिली जाते. बळी ही कल्पना आम्हांला परकी नाही. परकी वाटते ती एवढीच गोष्ट की, येथे बळी मनुष्याने आणलेला नसून देवाने आणला आहे, तो अर्पण व्हायचा तोही देवालाच, आणि बळीच्या जागी उभा आहे तोही देवच.

सिद्धांताचे मूळ यहूदी याजकांच्या विधीत आहे. लेवीय ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात वार्षिक प्रायश्चित्तदिनाचे जे वर्णन आहे, त्यात दोन बोकड येतात. चिठ्ठ्या टाकून एक परमेश्वरासाठी निवडला जातो, तो मारला जातो व त्याच्या रक्ताने पवित्रस्थानाची शुद्धी होते. दुसऱ्याच्या मस्तकावर हात ठेवून याजक सर्व लोकांची पापे कबूल करतो, आणि त्या पापांचे ओझे घेऊन तो बोकड जिवंतच अरण्यात सोडला जातो. ज्याला मारले त्याच्यावर पाप लादलेले नाही, आणि ज्याच्यावर पाप लादले त्याला मारलेले नाही. ही बारीकशी दिसणारी गोष्ट पुढच्या सगळ्या वादाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे, कारण ख्रिस्ती विचारात हे दोन्ही बोकड एकाच देहात एकवटले आणि निरपराध्याच्या शिक्षेचा पेच त्या एकवटण्यातून जन्मास आला. त्याच धर्मग्रंथात या विधीविषयीची अप्रीतीही नोंदलेली आहे. होशेय आणि मीखा हे संदेष्टे यज्ञापेक्षा दया व न्याय यांची महती गातात. यहेज्केल आपल्या अठराव्या अध्यायात बजावतो की, बापाचे पाप पुत्राच्या माथी येणार नाही आणि पुत्राचे बापाच्या. तर यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायात इतरांच्या अपराधांसाठी घायाळ झालेला एक सेवक मूकपणे उभा आहे. ख्रिस्ती परंपरेने यशयाचा हात धरला. यहेज्केल मागे राहिला, पण गप्प बसला नाही.

शुभवर्तमानांतही हा ताण आहेच. पक्षाघाताने पडलेल्या मनुष्याला येशू पापांची क्षमा करतो तेव्हा क्रूस अजून पुष्कळ दूर असतो. आणि उधळ्या पुत्राच्या दृष्टांतात घरी परतणाऱ्या पोराकडे बाप धावत जातो, काहीही भरपाई मागत नाही, आणि जे पुष्ट वासरू कापले जाते ते प्रायश्चित्तासाठी नव्हे, मेजवानीसाठी. उलट मार्ककृत शुभवर्तमानात तोच येशू आपला जीव पुष्कळांसाठी खंडणी म्हणून देण्याची भाषा बोलतो, आणि पौलाच्या पत्रांत ती भाषा सिद्धांताचे रूप घेऊ लागते. इ.स. ७० मध्ये यरुशलेमचे मंदिर रोमन सैन्याने जाळले, पशुयज्ञ कायमचे थांबले, आणि ज्या विधीवर हा सिद्धांत उभा होता तो विधीच डोळ्यांसमोरून नाहीसा झाला. येथे नव्या वाचकाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयी ३२५ मध्ये नायसियाच्या व ४५१ मध्ये काल्सेडनच्या धर्मपरिषदेने निर्णय दिले. परंतु त्याच्या मरणाने मनुष्याची सुटका नेमकी कशी झाली, याविषयी सर्वमान्य परिषदेचा असा निर्णय प्राचीन चर्चने कधीच दिला नाही. सुटका झाली, एवढे पक्के. कशी झाली, ते मोकळे. या मोकळ्या जागेतच सगळे पंथ नांदले.

पहिली कित्येक शतके जी उपपत्ती प्रचलित होती ती खंडणीची. पाप करून मनुष्य सैतानाच्या ताब्यात गेला, आणि ख्रिस्ताचा जीव ही त्याच्या सुटकेची रक्कम. ओरिजेनच्या लेखनात ही कल्पना दिसते. चौथ्या शतकातील निसाचा ग्रेगरी तर असे सांगतो की, मानवदेहाच्या आमिषात देवत्वाचा गळ लपवला होता आणि सैतानाने तो अधाशीपणे गिळला. ईश्वराने सैतानाला फसवावे, ही गोष्ट पुढे अनेकांना रुचली नाही, व ते योग्यच झाले. परंतु ज्याने मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा ऐकली आहे, त्या मराठी माणसाला या उपपत्तीचे मर्म समजावून सांगावे लागत नाही. दुष्काळात बादशहाची कोठारे दामाजीने रयतेला लुटून दिली; बेदरच्या दरबारातून त्याला धरून आणण्याचा हुकूम सुटला; आणि तो कैदी होऊन वाटेवर असतानाच विठोबा महाराच्या वेषात बेदरास गेला, धान्याची रक्कम खजिन्यात भरली आणि पावती घेऊन आला. महिपतीने १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या 'भक्तविजया'त ही कथा आहे, आणि सोलापूर जिल्ह्यात तर ती पोथी न वाचलेल्यालाही पाठ असते. देव भक्ताचे देणे स्वतः फेडतो, त्यासाठी समाजाने सर्वांत खाली ढकललेल्याचे रूप घेतो, दरबारात जोहार घालतो: ख्रिस्ती माणसाने ही कथा ऐकून चमकावे इतके साम्य येथे आहे.

पण साम्य जेथे संपते तेथेच ही कथा आपल्या कामाची. दामाजीचे देणे धान्याचे होते, म्हणजे दिवाणी स्वरूपाचे; ते कोणीही फेडले तरी फिटते. त्याचे कृत्य कायद्याने गुन्हा असले तरी नीतीने पुण्यच होते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, रक्कम भरणारा विठोबा आणि ती वसूल करणारा बादशहा हे दोन वेगळे होते. पुढच्या ख्रिस्ती तत्त्वचिंतनात सैतान या व्यवहारातून बाद झाला, देणे ईश्वराचेच ठरले, आणि भरणाराही ईश्वरच राहिला. विठोबा आणि बादशहा एकच असतील, तर बेदरापर्यंतची ती पायपीट कशासाठी आणि पावती कोणी कोणाला द्यावयाची? या ग्रंथातील निम्म्याहून अधिक विवेचन या एका प्रश्नाभोवती फिरते.

सैतानाला बाद करण्याचे श्रेय कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्म याचे. राजाशी बेबनाव होऊन इटलीत निर्वासिताचे जिणे जगत असता १०९८ मध्ये त्याने 'देव मनुष्य का झाला' हा संवादरूप ग्रंथ पुरा केला. त्याचे म्हणणे असे: पाप म्हणजे ईश्वराच्या मानाला धक्का, अपमानाचे मोल अपमानिताच्या पदावर ठरते, ईश्वराचे पद अनंत, म्हणून भरपाईही अनंत हवी, ती देणे मनुष्याचे कर्तव्य, पण देण्याचे सामर्थ्य केवळ ईश्वराचे, सबब जो देवही आहे व मनुष्यही, अशानेच ती द्यावी. सरंजामी युरोपातील मानापमानाची ही भाषा संस्थानी मुलखात वाढलेल्या माणसाला चटकन उमगते. अँसेल्मवर नेहमी जो आरोप होतो की त्याने ईश्वराला रक्तपिपासू केले, तो मला अन्यायाचा वाटतो. त्याच्या मते भरपाई ही शिक्षेऐवजी असते, भरपाई म्हणजेच शिक्षा असे तो कोठेही म्हणत नाही. त्याच्यावरील खरा आक्षेप निराळाच आहे. ज्याचा मान दुखावला त्याने भरपाई न घेता नुसती क्षमा केली, तर काय बिघडते?

आणि या आक्षेपाचे उत्तर शोधणाऱ्याने अक्कलकोट संस्थानाचा उगम आठवावा. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्ये शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून साताऱ्याकडे निघाला, तेव्हा पारद गावच्या सयाजी लोखंडे पाटलाने त्याच्या फौजेला विरोध केला आणि त्या झटापटीत तो मारला गेला. पाटलाच्या विधवेने आपले तान्हे मूल शाहूच्या पुढ्यात टाकून अभय मागितले. शाहूने अभय तर दिलेच, शिवाय ते मूल उचलून आपले केले, विजयाची खूण म्हणून त्याचे नाव फत्तेसिंह ठेवले, पुत्रवत वाढवले. आणि हाच फत्तेसिंह भोसले अक्कलकोटच्या राजघराण्याचा मूळ पुरुष. ज्याच्या मानावर उघड हल्ला झाला होता त्या छत्रपतीने ना दंड घेतला, ना जामीन मागितला. वैऱ्याचे लेकरू वारसासारखे घरात घेतले. अँसेल्मचा कैवारी म्हणेल की पाटलाचे रक्त सांडले होते, हिशेब चुकता झालाच होता. म्हणू द्यावे, परंतु शाहूचे मन वळवले ते त्या रक्ताने नव्हे, आईच्या याचनेने, हे बखरींचा कोणताही वाचक सांगेल. शाहूचा दरारा या औदार्याने कमी झाला नाही, हेही इतिहासाने दाखवले. सोळाव्या शतकात फाउस्तो सोझिनी या इटालियन पंडिताने हाच मुद्दा ईश्वराविषयी मांडला तेव्हा त्याला पाखंडी ठरवण्यात कॅथलिक व प्रॉटेस्टंट यांचे एकमत झाले.

सोझिनीचा रोख अर्थात अँसेल्मपेक्षा कॅल्व्हिनच्या उपपत्तीवर अधिक होता. कॅल्व्हिन हा कायद्याचे रीतसर शिक्षण घेतलेला मनुष्य. त्याच्या हाती मानाची जागा कायद्याने घेतली, भरपाईची जागा शिक्षेने. पाप्याला व्हावयाची शिक्षा ख्रिस्ताला झाली, ईश्वराचा कोप त्याच्यावर कोसळला, न्याय तृप्त झाला. प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी महाराष्ट्रात आणली ती मुख्यतः हीच उपपत्ती, आणि येथल्या श्रोत्याला सर्वांत अधिक खटकली तीही हीच. वाल्या कोळ्याची गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाला आणखी काय वाटणार? पापाच्या कमाईवर जेवणारी बायकामुलेसुद्धा पापाचे वाटेकरी होण्यास नकार देतात, आणि त्या नकारातूनच वाल्याचा वाल्मीकी होतो. वाटेकरी मिळाला असता तर रांजणांत खडे पडतच राहिले असते. सोझिनीने केलेला भेद, आणि १७९३ मध्ये इमान्युएल कांटने अधिक काटेकोरपणे मांडलेला भेद, हाच आहे: पैशाचे कर्ज एकाचे दुसऱ्याने फेडता येते, परंतु नैतिक अपराध ही अशी वैयक्तिक गोष्ट आहे की ती कोणाच्या नावे वर्ग करता येत नाही. डच कायदेपंडित ग्रोशियस याने १६१७ मध्ये मधला मार्ग काढला: ईश्वर हा सावकार नसून शासक आहे, आणि शासनाचा वचक राहावा म्हणून ख्रिस्ताचे मरण हे उदाहरण घालून दिले. हा उपाय मला मूळ रोगाहून वाईट वाटतो. वचक बसवण्यासाठी निरपराध्याला फाशी देणे ही अंदाधुंदीची रीत झाली.

तथापि आमच्याकडे सारा विचार निव्वळ वाल्याच्या बाजूचा आहे, असे समजून कोणी फुशारू नये. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या 'हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र' या ग्रंथाच्या १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौथ्या खंडात प्रायश्चित्तांचा जो ऊहापोह आहे, तो पाहिला म्हणजे दिसते की, अल्पवयी मुलाच्या हातून पातक घडल्यास त्याच्या वतीने पित्याने किंवा भावाने प्रायश्चित्त घ्यावे, अशी व्यवस्था स्मृतिकारांनी दिलेली आहे. म्हणजे प्रतिनिधीची कल्पना येथेही होती; पण ती नात्यापुरती, आणि ज्याला स्वतःचा भार वाहता येत नाही अशा लेकरापुरती. ख्रिस्ती भक्त यावर म्हणेल की, ईश्वरापुढे मनुष्य तसेच लेकरू आहे. या उत्तरात तथ्य आहे. ईश्वर व ख्रिस्त हे दोन त्रयस्थ पक्षकार नव्हेत, न्यायाधीशच आसनावरून उतरून आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला आहे, असे कॅल्व्हिनचे उत्तम अनुयायी सांगतात. आणि १९७२ मध्ये युर्गेन मोल्टमान याने, क्रूसावर पित्याचेही हृदय विदीर्ण झाले, असे प्रतिपादून हा बचाव पुष्कळ खोल नेला. दंड रकमेचा असता तर न्यायाधीशाने तो स्वतःच्या खिशातून भरल्याचे कौतुक निःशंकपणे करता आले असते. प्राणांचा दंड न्यायाधीशाने स्वतः भोगल्याने गुन्हेगार निरपराध कसा होतो, हे मात्र त्यानेही उलगडत नाही.

मराठीत या विषयाचा इतिहास बराच जुना आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यात रचलेले 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापले गेले, आणि क्रूसावरील मरणाची कथा प्रथमच ओवीच्या चालीत, वैकुंठादी परिचित शब्दांच्या संगतीत, मराठी कानांवर पडली. पुराणाच्या ओघात सिद्धांताची धार बोथट होते. स्टीफन्सच्या श्रोत्याने ख्रिस्ताच्या यातना ऐकून रडावे ही अपेक्षा होती, वाद घालावा ही नव्हती. वाद आला तो एकोणिसाव्या शतकात. मुंबईत १८३० नंतर जॉन विल्सनशी मोरभट दांडेकरांचा, आणि १८५७ मध्ये समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचाऱ्यांचा पाद्र्यांशी जो वाद झाला, त्यांची आज करमणूक म्हणून आठवण निघते. पण तेवढ्यावर ते निकालात काढणे बरे नव्हे. सर्वांत विलक्षण उदाहरण नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांचे. काशीत वाढलेल्या या चित्पावन पंडिताने मिशनऱ्यांच्या ईश्वरकल्पनेतील अन्यायावर संस्कृतात ग्रंथ लिहिला, आणि खंडन करता करता १८४८ मध्ये स्वतःच बाप्तिस्मा घेतला; तेच पुढे फादर नेहेम्या गोरे झाले. नीळकंठशास्त्र्यांचे आक्षेप फादर नेहेम्यांना पुढे छळत राहिले असतील, असे मला राहून राहून वाटते.

पंडिता रमाबाईंचा मार्ग निराळा. त्यांना इंग्लंडात प्रथम जे भावले ते रक्ताचे तत्त्वज्ञान नव्हे. पतित मानलेल्या स्त्रियांना पोटाशी धरणाऱ्या भगिनींचे काम त्यांनी पाहिले, शोमरोनी स्त्रीची कथा वाचली, आणि १८८३ मध्ये त्यांनी दीक्षा घेतली. चर्चच्या ठराविक मतांवर सही करण्यास त्यांनी ज्या तेजाने नकार दिला, तो त्यांच्या पत्रव्यवहारात वाचण्याजोगा आहे. पुढे १८९१ च्या सुमारास, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळाला नाही, ही जाणीव त्यांना झाली व त्या पूर्ण शरणागतीकडे वळल्या. पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगावचे मुक्तिसदन ही त्या शरणागतीची कृती. एकाच आयुष्यात दोन पंथांचा प्रवास झाल्याचे असे उदाहरण युरोपातही विरळा. रमाबाईंच्या पहिल्या टप्प्याचा पूर्वसूरी म्हणजे बाराव्या शतकातील पीटर अबेलार्ड: निरपराध्याच्या रक्ताने ईश्वर संतुष्ट होतो ही कल्पनाच त्याला क्रूर वाटली, ख्रिस्ताच्या मरणाने ईश्वराचे मन बदलत नाही, मनुष्याचे बदलते, असे त्याचे मत. रेव्हरंड नारायण वामन टिळक बहुधा अबेलार्ड वाचून या जागी आले नसावेत. तुकारामाच्या पुलावरून ते आले, असे ते स्वतःच सांगत. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या या कवीच्या अभंगांत दंड वसूल करणारा ईश्वर शोधून सापडत नाही. ख्रिस्त तेथे माउली आहे, गुरू आहे, आणि त्याचे दुःख हे लेकरासाठी जागणाऱ्या आईचे दुःख आहे. मिशनऱ्यांच्या उपपत्तीला टिळकांनी उघड विरोध केला नाही. त्यांनी तिच्यावरून वारकऱ्याची पताका नेली.

अबेलार्डचा मार्ग निर्दोष आहे असे मात्र नव्हे, आणि त्याची परीक्षा आमच्याच जिल्ह्यात झालेली आहे. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषण केले. दहा दिवसांत महाराष्ट्राचे मन हलले. ज्याने पाप केले नव्हते त्याने इतरांच्या पापासाठी देह कष्टवला, आणि पाप्यांना लाज वाटली, हे अबेलार्डचे सूत्र येथे डोळ्यांसमोर खरे झाले. परंतु चोखोबापासून शतकानुशतके जे महाद्वाराबाहेर ताटकळले, त्यांच्या वेदनेने कोणाचे मन का हलले नाही? हलवण्यासाठी वेदना सवर्णाच्या देहात का उतरावी लागली? ज्यांचे दुःख मुळात मोजलेच जात नाही, त्यांना दुसऱ्याच्या दुःखाचा महिमा सांगणारा धर्म कितपत पुरेल, ही शंका डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विचाराच्या मुळाशी आहे. १९३८ च्या आरंभी सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे बोलताना त्यांनी बुद्ध व ख्रिस्त या दोघांविषयी आदर व्यक्त केला आणि त्याच श्वासात श्रोत्यांना सामाजिक-राजकीय हक्कांविषयीच्या उदासीनतेबद्दल खडसावले. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या त्यांच्या अखेरच्या ग्रंथात बुद्ध मोक्षदाता नसून मार्गदाता आहे, असे ते आवर्जून सांगतात. या वादाला त्याहून थोडक्यात कोणी बाजूला सारलेले नाही.

हा विषय आज केवळ चर्चच्या भिंतींआड राहिलेला नाही. योहानाच्या शुभवर्तमानात, सर्व लोकांसाठी एकाने मरणे हिताचे, हे वाक्य येते, पण ते येशूच्या तोंडी नाही; त्याला मारण्याचा बेत करणाऱ्या कयफा या प्रमुख याजकाच्या तोंडी आहे. फ्रेंच विचारवंत रेने जिरार्द याने याच धाग्यावरून दाखवले की, समाज आपली हिंसा एका बळीवर ओतून शांत होतो आणि मग त्या बळीला पवित्र ठरवतो. उजनीच्या जलाशयाखाली ज्यांची गावे गेली त्यांच्या 'त्यागा'चा गौरव आपण ज्या सहजतेने करतो, त्या सहजतेत कयफाचा अंश किती आणि त्यागाचा किती, हे ज्याचे त्याने तपासावे. त्यांना कोणी विचारले नव्हते, एवढे खरे. १९८९ मध्ये जोअॅन कार्लसन ब्राउन व रिबेका पार्कर या दोन अमेरिकन लेखिकांनी अधिक बोचरा प्रश्न केला की, पुत्राचा छळ पिता संमत करतो आणि पुत्र निमूट सोसतो, ही कथा पवित्र मानणाऱ्या समाजात मार खाणाऱ्या स्त्रीला कोणता उपदेश मिळतो? सीमेपलीकडच्या कन्नड स्त्रियांना हा प्रश्न फार पूर्वीपासून ठाऊक आहे. 'केरेगे हार' या लोकगीतात गावच्या गौडाने खणलेल्या तलावाला पाणी लागत नाही, म्हणून धाकटी सून भागीरथी हिला बळी द्यावयाचे ठरते. तिला ते कळते, ती कोणाला काही न बोलता जाते, तलाव भरतो, आणि लढाईवरून परतलेला नवरा त्याच तलावात जीव देतो. तिची संमती होती असे म्हणता येईल. तिच्या संमतीने सासरा मात्र दोषमुक्त होत नाही, हे गीत रचणाऱ्या बायकांनी नवऱ्याच्या त्या उडीतून सांगून ठेवले आहे. ख्रिस्ताची स्वेच्छा हा या सिद्धांताचा सर्वांत बळकट आधार मानला जातो; तो आधार कोणाकोणाला सोडवतो आणि कोणाला सोडवत नाही, याचा निवाडा भागीरथीला विसरून करता येणार नाही.

प्रस्तुत ग्रंथात वरील सर्व मतांची वंशावळ देण्याचा हेतू नाही. तशी पुस्तके इंग्रजीत मुबलक आहेत. प्रत्येक उपपत्ती कोणत्या समाजव्यवस्थेच्या भाषेत बोलली, आणि ती भाषा मराठीत आणताना तिच्यातले काय टिकले व काय गळाले, हे पाहणे हा मुख्य उद्देश. म्हणून कॅल्व्हिनच्या शेजारी वाल्या आणि अँसेल्मच्या शेजारी शाहू यांना बसवण्याचे धार्ष्ट्य केले आहे. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरेला, जिच्यात शिक्षेची भाषा मुळातच क्षीण आहे, जितकी जागा द्यावयास हवी होती तितकी दिलेली नाही. मराठी मुलखाशी तिचा संबंध अल्प आल्याने विवेचन पोरके झाले असते. ख्रिस्ती वाचकाने हा ग्रंथ आपल्या श्रद्धेवरील फिर्याद समजू नये, आणि हिंदू वाचकाने तो जुन्या खंडनग्रंथांच्या रांगेत ठेवून समाधान मानू नये. कारण जो मापदंड क्रूसाला लावला तोच तुळजापूरच्या होमाला, गाणगापुरात उतरवल्या जाणाऱ्या भोगाला आणि पूर्वजन्माच्या पापाने आजच्या महारोग्याला दोषी ठरवणाऱ्या कर्मसिद्धांतालाही लावला आहे. शेवटच्या भागात माझे स्वतःचे मत आहे. निरपराध्याची शिक्षा हा न्याय होऊ शकत नाही, हे यहेज्केलाचे म्हणणे मला पटते. आणि तरीही दामाजीसाठी बेदरास गेलेला विठोबा मला व्यर्थ वाटत नाही. या दोहोंची सांगड मला पूर्णपणे घालता आलेली नाही, म्हणून तो भाग इतर भागांपेक्षा आखूड आहे, आणि वाचकाने हवे तर तोच प्रथम वाचून मग मागे वळावे.